ओळंब्याचा उंबरठा

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्यावर तो आधी दार उघडायचा, दारासमोरच्या गटाराच्या झाकणातून लोखंडी सळई आत सोडायचा आणि ती किती ओली होते ते बघायचा. चार बोटं ओली झाली तर ठीक. वीतभर झाली तर जमिनीवरचं सगळं उचलून पलंगावर ठेवायचं आणि मगच तोंड धुवायचं. साडेसहाला कामावर हजर व्हावं लागे. मधल्या वेळात चहा, दोघांचा स्वयंपाक आणि बायकोचं सगळं आवरणं.

ओळंबा गवंडी होता. त्याचं खरं नाव गल्लीत कोणी वापरत नसे; भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला जे वजन बांधतात, त्याचं नाव त्याला पडलं होतं. उंच, सरळ, बोलायला कमी. भिंत एक सूत बाहेर गेली तर पाडून परत बांधायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुकादम म्हणायचा, "अरे, वरून गिलावा येणार आहे. कोणाला दिसणार?" हा म्हणायचा, "मला दिसलं ना."

मी त्याच्या समोर राहतो. तेहतीस वर्षं पाइप घालणाऱ्या टोळीत होतो. खोदणारे बांधणाऱ्यांना सहसा चांगलं म्हणत नाहीत. याला मी म्हणतो.

त्याच्या बायकोला पक्षाघात झाला आणि डावं अंग गेलं. वर्षभराने चार पायांचा वॉकर धरून ती खोलीत फिरू लागली, पण दारापर्यंत येऊन थांबायची. दाराला नऊ इंचांची पायरी होती. धडधाकट माणसाला ती कळतही नाही. डावा पाय ओढत येणाऱ्या बाईला ती भिंतच. उचलून बाहेर बसवतो म्हटलं की ती उखडायची. "मी काय सिमेंटची गोणी आहे?"

मग ओळंब्याने चार रविवार घेतले. चौकटीखालचा दगड छिन्नीने फोडून काढला. आतली फरशी उखडली, सगळ्या खोलीची माती नऊ इंच उपसली, ठोकून घट्ट केली आणि फरशी परत बसवली. दाराला खालून फळीचा जोड दिला. दोनशे तीस पाट्या माती निघाली. मी मोजल्या, कारण निम्म्या मी उचलल्या. पाचव्या रविवारी वहिनी वॉकर टेकत उंबरठ्यावरून गल्लीत आली, भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते मला.

"भावजी, तुमच्या खिडकीची काच फुटलीय. वर्षभर आतून बघतेय. लाज वाटत नाही का?"

तेव्हापासून ती रोज सकाळी नऊ ते बारा बाहेर बसायची. भाजी निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची, दोन भांडणं मिटवायची, एखादं लावूनही द्यायची. बोलणं थोडं जड झालं होतं, पण धार गेली नव्हती.

ते सगळं त्या सपाट उंबरठ्यावर उभं होतं. आणि त्याच उंबरठ्यावरून पाणी आत यायचं.

गल्लीचं सांगतो. बारा घरं. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला गोदामाची भिंत. भिंतीला लागून शेवटचं घर ओळंब्याचं. गल्लीखालचं गटार मोठ्या रस्त्याकडे जातं आणि तिथल्या मुख्य गटाराला मिळतं. मिळायचं, असं म्हणायला हवं. रस्ता दर दोन वर्षांनी डांबरायचे. जुना थर खरवडून काढायला चार माणसांना आठ दिवस लागतात, म्हणून खरवडायचे नाहीत. थरावर थर. रस्ता चढला, त्याच्याबरोबर मुख्य गटारही वर बांधलं. गल्ली होती तिथेच राहिली. जोराचा पाऊस झाला की पाणी गल्लीतून रस्त्याकडे जायच्याऐवजी रस्त्याकडून गल्लीत यायचं. काळं, तेलकट, वास मारणारं. सगळ्यात आधी शेवटच्या घरात शिरायचं आणि सगळ्यात शेवटी तिथून निघायचं.

अर्ज केले. अर्ज लिहायचं काम शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या अर्जावर एक माणूस येऊन तक्रारीचा क्रमांक देऊन गेला. दुसऱ्यावर दोघे आले, पांढरी पावडर टाकून गेले. तिसऱ्यावर मोठ्या रस्त्यावर पुन्हा डांबर पडलं.

गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे. बेकरीवाला म्हणाला, "बाई, चौथा अर्ज नका करू. आणखी एक थर पडला तर माझ्या छपरावरून गाड्या जातील."

ओळंबा हसला नाही. म्हणाला, "अर्जात नुसते शब्द आहेत. माप कुठे आहे? माप दिलं तर नाही कसं म्हणतील?"

बाई जरा दुखावल्या. "माझ्या शब्दांत काय कमी आहे?"

"काही नाही, बाई. पण 'गुडघाभर' म्हटलं तर साहेब विचारेल, कोणाचा गुडघा?"

त्याने दोन दिवस खाडा केला. गवंड्याचा खाडा म्हणजे तेवढी मजुरी गेली. पातळी घ्यायला गवंडी पारदर्शक नळी वापरतात. बोटाएवढी जाड, पन्नासेक फूट लांब, पाण्याने भरलेली. दोन टोकं दोन माणसांनी धरायची. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं, मधे काहीही असो. अट एकच, नळीत हवेचा बुडबुडा नको. बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते. तो सकाळी तासभर नुसते बुडबुडे काढत बसला. दुसरं टोक मी धरलं.

मुख्य गटाराच्या तोंडाची पातळी धरली आणि तिथून घराघरावर खुणा करत आत आलो. रंगवलेला दोरा ताणून सोडला की भिंतीवर लाल रेघ उठते. बारा घरांवर एकच रेघ. तिच्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं, उंबरठा रेघेपासून किती खाली.

बेकरी तीन इंच. बेकरीवाला म्हणाला, "तीन काय लिहितोस, दहा लिही. म्हणजे कामाला माझ्यापासून सुरुवात करतील."

"आणि पाणी विचारायला आलं तर?"

"पाण्याला सांग, मालक बाहेर गेलाय."

त्याने तीनच लिहिलं. बाईंचं घर पाच इंच सहा सूत. माझं साडेसहा. त्याचं स्वतःचं सोळा इंच दोन सूत. म्हणजे मुख्य गटारात थेंबभर जाण्याआधी त्याच्या खोलीत सोळा इंच पाणी भरायला हवं.

मग आम्ही गोदामाच्या मागे गेलो. तिथे ओढा आहे. ओढ्याचा तळ रेघेपासून सव्वापाच फूट खाली निघाला. ते माप मीच दोनदा घेतलं. शेवटच्या घरापासून भिंतीखालून ओढ्यापर्यंत पाइप टाकला की प्रश्न मिटला. ऐंशी फूट. मी असली कामं आयुष्यभर केली आहेत. सहा माणसं, नऊ दिवस. खडक लागला तर अकरा.

रात्री बाईंकडे बसून त्याने तक्ता केला. बारा ओळी. त्याच्या घराच्या ओळीत त्याने लिहिलं, 'मूळ उंबरठा सात इंच दोन सूत खाली होता. नऊ इंच मी स्वतः उतरवला.'

मी म्हणालो, "हे लिहायचं काय कारण?"

"बाकी सगळी घरं तीन ते सात इंच खाली. माझं एकदम सोळा. बघणाऱ्याला वाटेल माप चुकलंय."

"वाटू दे की."

"माप बरोबर आहे," तो म्हणाला, आणि ओळ तशीच ठेवली. मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

नगरपालिकेत आम्ही चौघं गेलो. ओळंबा, बाई, बेकरीवाला आणि मी. गटार खात्याचा साहेब तरुण होता. आम्ही आरडाओरड्याची तयारी करून गेलो होतो, पण त्याने खुर्च्या मागवल्या. तक्ता सगळा वाचला. ओढ्याचं माप वाचून मान हलवली.

"हे कोणी केलं?"

"मी," ओळंबा म्हणाला.

"आमच्याकडच्या नकाशातसुद्धा इतकं नेमकं नाही. असं करा, यावर सगळ्या घरमालकांच्या सह्या घेऊन द्या. माप मान्य आहे, म्हणून. म्हणजे कागद पक्का होईल."

आम्ही त्याच दिवशी अकरा सह्या आणि एक अंगठा घेतला. परत येऊन दिला. पोच घेतली. येताना बेकरीवाल्याने सगळ्यांना चहा पाजला, आणि तो सहसा पाजत नाही. ओळंब्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं, "साहेब माणूस आहे समजणारा." ती म्हणाली, "खुर्ची दिली म्हणून? मलाही दवाखान्यात खुर्ची दिली होती. पाय कुठे दिला?"

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी गल्लीत उभं राहून वाचून दाखवलं. मला ते जवळजवळ पाठ आहे. 'अर्जदारांनी स्वतः केलेल्या व सर्वांनी मान्य केलेल्या मोजणीनुसार सर्व घरांचे उंबरठे मुख्य गटाराच्या पातळीपेक्षा खाली असल्याचे सिद्ध होते. सबब घरमालकांनी आपापले उंबरठे स्वखर्चाने योग्य उंचीवर घ्यावेत. शेवटच्या घराचा उंबरठा मालकाने स्वतःच खाली घेतल्याचे त्याने लेखी कबूल केले आहे. प्रकरण निकाली.'

ओढ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बाईंनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. ओळंब्याने कागद मागितला आणि तिथेच उभं राहून वाचला. त्याला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर म्हणाला, "आकडे बरोबर उतरवलेत."

वहिनी स्टुलावरून म्हणाली, "मग त्यांना हार घाल."

तो पुढे वर्षभर दर गुरुवारी नगरपालिकेत जायचा. गुरुवार लोकांना भेटायचा दिवस. साहेबाची बदली झाली होती. नवा साहेब म्हणायचा, निकाली प्रकरण उघडायचं तर नवीन मोजणी लागेल, आणि ती खात्यानेच करायला हवी. खात्याकडे माणूस नव्हता. ओळंबा म्हणाला, मी करून देतो, फुकट. तर म्हणे, तुमची मोजणी आधीच फाइलला आहे. गुरुवारची अर्धी मजुरी कापून घेऊन तो हे ऐकायला जायचा.

मधल्या काळात बेकरीवाला त्याच्याकडे आला. खाली बघत.

"माझा उंबरठा उचलून दे."

ओळंबा म्हणाला, "एकाने उचलला की त्याच्याकडे येणारं पाणी पुढच्याकडे जाणार. पुढे कोण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसऱ्या गवंड्याकडे गेलो असतो तर तुला तोंड दाखवावं लागलं नसतं."

ओळंब्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थापी घेऊन गेला. मी विचारलं, का करतोस? म्हणाला, "मी नाही केलं तर दुसरा करेल, आणि वाईट करेल. पाणी बेकरीतही जाईल आणि माझ्याकडेही येईल. त्यात कोणाचं भलं?" हे त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

त्याने बेकरीची पायरी पाच इंच वर घेतली. कामात खोट नव्हती. मग शेजारच्यांनी बोलावलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. दिवसभराचं काम संपवून तो संध्याकाळी दोन-दोन तास गल्लीत काम करायचा. बाईंनी सगळ्यात जास्त दिवस धीर धरला. एकदा त्यांची पुस्तकं भिजली तेव्हा त्याही आल्या. रडत होत्या. त्याने त्यांच्याकडूनही मजुरी घेतली, कारण न घेतली असती तर त्या आणखी रडल्या असत्या.

सातवा उंबरठा माझा. मी मजुरी रोख दिली आणि सिमेंट स्वतः कालवलं. एवढंच मला सांगता येतं.

वर्षभरात अकरा उंबरठे वर गेले. बारावा होता तिथेच.

तो उचलायचा त्याने विचार केला नाही असं नाही. मला दाखवायला त्याने जमिनीवर खडूने काढलंही. सोळा इंच वर घेतला तर वॉकरसाठी उतार हवा. एका इंचाला एक फूट, त्याहून उभा उतार तिला झेपत नाही. म्हणजे सोळा फूट. गल्ली नऊ फूट रुंद, खोली बारा फूट लांब. बाहेर करावा तर माझ्या घरात शिरतो. आत करावा तर पलंगाला जागा राहत नाही. वळणाचा करून बघितला, तिरका करून बघितला. खडूच्या रेघा पुसून परत काढल्या. माप बसेना.

वहिनी दारातून बघत होती. म्हणाली, "पुरे आता. उचल उंबरठा. मी राहते आत."

"चार रविवार कशाला घातले मग?"

"मी मागितले होते का?"

"रोज दारात येऊन उभी राहायचीस. मागणं आणखी वेगळं असतं?"

ती गप्प झाली. तीस वर्षांत तिला गप्प करणं त्याला जमलं ते त्याच दिवशी. त्याने खडू खिशात टाकला. उंबरठा उचलला नाही.

पुढचा मोठा पाऊस दुपारी आला. ओळंबा शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर वीटकाम करत होता. मी घरी झोपलो होतो. आवाजाने उठलो तर गल्ली भरलेली, माझ्या नव्या पायरीला पाणी लागलेलं आणि त्याचं दार अर्धं उघडं. मी उतरलो. पूर्वी मांडीपर्यंत यायला पाण्याला दोन तास लागायचे. अकरा उंबरठे वर गेल्यावर अर्धा तास पुरला.

ती आत खुर्चीत होती. पाणी खुर्चीच्या बैठकीला लागलं होतं. वॉकर तरंगून कोपऱ्यात गेला होता. उजव्या हाताने तिने पलंगाचा खांब धरला होता आणि डावा हात पाण्यात पडला होता. तो उचलायचं तिच्या हातात नव्हतं.

मला बघून म्हणाली, "भावजी, चपला बाहेर काढून या. आत्ताच पुसलंय."

मी हसलो. ती पण हसली. मग तिचे दात वाजायला लागले.

बेकरीवाल्याला हाक मारली. दोघांनी तिला उचलून माझ्या घरात आणलं. या वेळी सिमेंटच्या गोणीबद्दल ती काही बोलली नाही. ओळंबा पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. अकरा किलोमीटर चालत आला होता, गाड्या बंद होत्या. तो आधी तिच्याजवळ गेला नाही. स्वतःच्या घरात गेला, मांडीभर पाण्यात उभा राहिला, भिंतीवरची ओल कुठपर्यंत आली ते बघितलं आणि मग आला. माझ्या स्वयंपाकघरात तिच्या पायांशी बसला. डाव्या पायाला भेगांत काळं तेल गेलं होतं, ते त्याने कोमट पाण्याने काढलं. बराच वेळ काढत होता.

"किती भरलं?" तिने विचारलं.

"एकवीस इंच."

"सूत?"

"सूत नाही मोजलं," तो म्हणाला.

त्यानंतर तो एकाही गुरुवारी नगरपालिकेत गेला नाही.

तिला पंधरा दिवस ताप होता. छातीत कफ झाला. डॉक्टरने सांगितलं, ओल्या जागेत ठेवायचं नाही, पुन्हा असं झालं तर निभावणार नाही. ओळंब्याने खोल्या शोधायला सुरुवात केली. तळमजल्याच्या कोरड्या खोल्या त्याच्या आवाक्यात नव्हत्या. आवाक्यातल्या तळमजल्याच्या खोल्या सगळ्या आमच्या गल्लीसारख्या. तो जाऊन सळईने गटारं बघून यायचा. घराला गिऱ्हाईक म्हणून एकच माणूस आला, लाल रेघ बघून परत गेला.

शेवटी पलीकडच्या भागात दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. लिफ्ट नाही. जिना अरुंद, चौतीस पायऱ्या, मधे एक वळण. खिडकी मागच्या बाजूला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी बघायला गेलो होतो. ओळंब्याने भिंतींना हात लावून बघितला, कोपरे हुंगले. म्हणाला, "कोरडी आहे."

मी म्हणालो, "खाली कशी उतरेल ती?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि परत कोपरा हुंगला.

वहिनीला त्याने खोटं सांगितलं नाही. तिने विचारलं, रस्ता दिसतो का? नाही म्हणाला. कोणाचा आवाज येतो का? जिन्याचा येतो, म्हणाला. ती म्हणाली, "मग जिन्याशी भांडेन."

निघाली त्या सकाळी गल्ली जमली. बाईंनी तिला एक पुस्तक दिलं, फुगलेल्या पानांचं. बेकरीवाला पाव घेऊन आला आणि हातात देण्याऐवजी हातगाडीवर ठेवून गेला. सगळे आपापल्या उंच पायऱ्यांवर उभे होते. मीही. ती हातगाडीवर गादीला टेकून बसली होती. माझ्या खिडकीकडे बघून म्हणाली, "काच बसवली. बरं केलंत."

अकरा उंबरठ्यांची मजुरी ओळंब्याने वेगळी ठेवली होती. कशासाठी, ते मला त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही ठाऊक नसावं. ती त्या खोलीच्या अनामत रकमेत गेली. जे थोडं उरलं त्यात दोन हमाल ठरवले. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पट्ट्याने बांधलं आणि चौतीस पायऱ्या वर नेलं. वळणावर खुर्ची अडकली तेव्हा ओळंब्याने खालून खांदा दिला. कामाला हमाल चांगले होते, एकदाही टेकवली नाही.

खोलीत खुर्ची ठेवून त्यांनी घाम पुसला. मोठा हमाल म्हणाला, "खाली कधी आणायचं ते आत्ताच सांगा, दादा. दोन्ही फेऱ्यांचं मिळून कमी लावतो."

ओळंब्याने एका फेरीचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.